सर्जरीचे मार्क सात पॉइंटनी घसरले, म्हणजे नक्की काय घसरलं?

टेकडीवरचा

मंडळी, इंग्लंडात राहणारे आणि आकडे कळणारे, दोन्ही जातीच्या लोकांची मदत हवी आहे. मी आमच्या जीपी सर्जरीच्या (इथे फॅमिली डॉक्टरला जीपी आणि त्यांच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात) पेशंट ग्रुपमध्ये आहे, म्हणजे असा ग्रुप प्रत्येक सर्जरीला ठेवावाच लागतो, २०१५ पासून त्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्येच आहे ते, आमच्यात सहा जण, त्यातले चार रिटायर्ड आणि एक कधीच येत नाही. तर दरवर्षी तो मोठा जीपी पेशंट सर्वे होतो ना, जानेवारीपासून पत्रं येतात आणि जुलैत निकाल लागतो, त्यात आमच्या सर्जरीचा 'एकूण अनुभव चांगला' म्हणणाऱ्यांचा टक्का गेल्या वर्षीपेक्षा सात पॉइंटनी खाली आला. मॅनेजर बाई रडकुंडीला आल्यात. ग्रुपमधले एक काका म्हणतायत की २०१९ पासूनचा ग्राफ काढून वेटिंग रूममध्ये नोटीस बोर्डावर लावूया, 'लोकांना कळू दे'. मला काका आवडतात पण ग्राफ बघून पोटात कसंतरी झालं, नक्की काय चुकतंय ते मात्र सांगता येत नाहीये. पुढच्या मंगळवारी मीटिंग आहे. बोला.

पानगळ

लावा की बोर्डावर. आमच्याकडे सकाळी आठला फोन लावायचा, रांगेत तेविसावा नंबर, आठ चाळीसला नंबर लागला की "आजच्या अपॉइंटमेंट संपल्या, उद्या आठला फोन करा". सात पॉइंट कमीच पडलेत म्हणायचे.

गणितातला_ढ

टेकडीवरचा, पहिला प्रश्न, तुमच्या सर्जरीतून उत्तरं किती आली? निकालाच्या पानावर लिहिलेलं असतं बघा.

टेकडीवरचा

शंभरच्या आसपास. दोन्ही वर्षी. पेशंट साडेआठ हजार आहेत.

गणितातला_ढ

मग ग्राफ खाली ठेवा आधी. (नाव ढ असलं तरी पोट याच धंद्यावर आहे.) शंभर लोकांना विचारलं आणि सत्तर म्हणाले चांगलं, तर खरा आकडा साधारण एकसष्ट ते एकोणऐंशीच्या मध्ये कुठेही असू शकतो, म्हणजे नऊ पॉइंट इकडे नऊ तिकडे. हे एका वर्षाचं झालं. दोन वर्षांची वजाबाकी करताना दोन्हीकडची अनिश्चितता एकत्र येते, मग साधारण तेरा पॉइंटच्या आतला फरक आहे की नुसता योगायोग ते छातीठोकपणे सांगताच येत नाही. तुमचे सात त्याच्या आतच आहेत. सर्जरी खरोखर बिघडलीही असेल, मी नाही म्हणत नाही, पण या आकड्यावरून ते सिद्ध होत नाही एवढंच. देशाचा आकडा वेगळा, तिथे सात लाखांच्या आसपास लोक उत्तरं देतात त्यामुळे अर्धा पॉइंट हलला तरी त्याला अर्थ असतो, आणि लोक नेमकं देशाच्या आकड्याचं वजन गल्लीतल्या आकड्याला लावतात. पेशंट साडेआठ हजार असोत नाहीतर पंचवीस हजार, त्याने फारसा फरक पडत नाही, उत्तरं किती आली त्याने पडतो.

दुसरं, काकांचा ग्राफ २०१९ पासून आहे म्हणताय. २०२४ मध्ये प्रश्नावली बदलली, आधी ऑनलाइन भरा मग कागद अशी पद्धत आणली, प्रश्नांची रचना बदलली, आणि आधीच्या वर्षांशी तुलना करू नका असं खुद्द सर्वेवाल्यांनीच सांगितलंय. म्हणजे ती रेघ मध्ये तोडावी लागेल. काकांना सांगा दोन ग्राफ काढा.

टेकडीवरचा

अरे देवा. काकांनी लॅमिनेट करून आणलाय तो.

पानगळ

म्हणजे गणित येणाऱ्यांनी ठरवलं की माझा चाळीस मिनिटांचा फोन हा योगायोग आहे. वा.

गणितातला_ढ

नाही हो ताई, उलट. तुमच्या फोनबद्दल देशाचा आकडा ठणठणीत आहे. 'फोनवर संपर्क सहज होतो' म्हणणारे २०२१ मध्ये ६७.६ टक्के होते, २०२२ मध्ये ५२.७ आणि २०२३ मध्ये ४९.८. हे सात लाखवाल्या सॅम्पलवर आहे, यात योगायोग नाही. आणि त्याच सर्वेत 'डॉक्टरांवर विश्वास वाटला का' ला नव्वदच्या वर टक्के हो म्हणतात. म्हणजे दार उघडत नाही पण एकदा आत गेलं की बरं वाटतं. 'एकूण अनुभव' या एका आकड्यात दोन्ही कोंबलं की काहीच कळत नाही, म्हणून मी तर तो प्रश्न बघतच नाही, सरळ फोनचा आणि 'ऐकून घेतलं का'चा वेगवेगळा बघतो.

काउंटरवाली

मी पलीकडच्या बाजूची. सर्जरीत रिसेप्शनला आहे, नऊ वर्षं. पानगळ, तुमचा राग समजतो, रोज खाते मी तो सकाळी आठ ते साडेनऊ. पण एक सांगते जे कुठल्याच सर्वेत येत नाही. आमच्याकडे फोनच्या सिस्टिममध्ये किती जणांनी फोन लावला, किती वेळ थांबले आणि किती जणांनी कंटाळून ठेवून दिला हे सगळं दिसतं. रोज. आणि महिन्याला सरकारला जी आकडेवारी जाते अपॉइंटमेंटची, २०१८ पासून छापतात ती, त्यात फक्त दिलेल्या अपॉइंटमेंट असतात. मिळाली त्यांची नोंद, नाही मिळाली त्यांची नोंद त्यात नाही. आम्ही दिवसाला जास्त अपॉइंटमेंट दिल्या की आकडा वाढतो आणि पेपरात येतं की जीपीकडे विक्रमी काम, ते खरंही असतं, पण दाराबाहेर किती उभे होते ते कोण मोजणार?

आणि दुसरं, एकाच माणसाला आधी फोनवर ट्रायज, म्हणजे किती तातडीचं आहे ते ठरवणं, मग दुपारी डॉक्टरचा फोन, मग प्रत्यक्ष बोलावलं तर सिस्टिममध्ये तीन दिसू शकतात. एकाच गुडघ्याच्या तीन.

टेकडीवरचा

काउंटरवाली, फोन ठेवून दिलेल्यांचा आकडा पेशंट ग्रुपने मागितला तर मिळतो का?

काउंटरवाली

नावं नकोत नुसता आकडा हवा म्हटलं तर मॅनेजरने का नाही द्यावा. आमची देते. लाजते थोडी पण देते.

निवृत्त_वैद्य

उशिरा आलो. तीस वर्षं जीपी होतो इथे, आता बागकाम. काउंटरवाली यांनी मुद्द्यालाच हात घातला आहे, पण आकडा मागताना सावध राहा, कारण मोजायला लागलं की माणसं आकड्यासाठी काम करू लागतात, हे आम्ही स्वतः केलेलं आहे.

२००० सालच्या एनएचएस, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, प्लॅनमध्ये ठरलं की २००४ पर्यंत प्रत्येकाला ४८ तासांत जीपी भेटला पाहिजे. उत्तम हेतू. मग सर्जऱ्यांनी काय केलं, तर पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट देणंच बंद केलं! कारण आगाऊ दिली की ती ४८ तासांच्या बाहेर जाते. ज्या आजीला पुढच्या गुरुवारी मुलीच्या गाडीतून यायचं आहे तिला सांगायचं, बुधवारी सकाळी फोन करा. २००५ च्या निवडणुकीत टोनी ब्लेअर टीव्हीवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते, तिथे एका बाईंनी हेच सांगितलं, आणि पंतप्रधानांना याची कल्पनाच नव्हती, चेहरा बघण्यासारखा झाला होता. पुढे काही काळ या पेशंट सर्वेच्या उत्तरांवर सर्जरीचे थोडे पैसेही ठरत असत, ४८ तासांत मिळालं का आणि आगाऊ मिळते का असे दोन प्रश्न होते, २०११ मध्ये ते काढून टाकलं. मी त्या काळात मॅनेजरला 'यंदा सर्वेत काय आलं' हे 'यंदा पैसे किती' याच सुरात विचारायचो, हे कबूल करतो.

तुमची सकाळी आठची रांग ही त्याच ४८ तासांची नात आहे असं माझं मत. मत आहे, पुरावा मागू नका.

पानगळ

डॉक्टर, कबुली आवडली. पण तुम्हाला पगार मिळाला, मला रांग मिळाली.

निवृत्त_वैद्य

मान्य. 🙂

यार्रातीरी

मी ऑस्ट्रेलियातून, मेलबर्न. तुमच्याकडे निदान सर्जरीवार निकाल लागतो. इथे ब्युरो ऑफ स्टॅटिस्टिक्स २००९ पासून पेशंट एक्सपीरियन्स सर्वे घेते, घरातल्या पंधरा वर्षांवरच्या एकाच माणसाला विचारतात, गेल्या बारा महिन्यांत जीपीकडे गेलात का, पैशांमुळे जाणं लांबवलं का, जास्त थांबावं लागलं का, डॉक्टरने लक्ष देऊन ऐकलं का, पुरेसा वेळ दिला का. पण तो क्लिनिकवार नसतो, स्थानिक म्हणजे फार तर प्रायमरी हेल्थ नेटवर्क, म्हणजे आरोग्यसेवेसाठी पाडलेले विभाग, देशात ३१ आहेत, २०१५ मध्ये झाली. त्यातलं एक कंट्री डब्ल्यूए, म्हणजे पर्थ सोडून जवळजवळ सगळं वेस्टर्न ऑस्ट्रेलिया एकाच आकड्यात. स्थानिक! इथून तिथे जायला विमान लागतं आणि सरासरी एकच. आणि अगदी दूरच्या काही आदिवासी वस्त्या सर्वेत घेतच नाहीत, जिथे डॉक्टर मिळणं सगळ्यात अवघड तिथलीच उत्तरं नाहीत.

आमच्याकडे वापराचा आकडा मेडिकेअरच्या, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याच्या, क्लेमवरून काढतात, माणशी वर्षाला किती व्हिजिट वगैरे, छोट्या भागांपर्यंत मिळतो. वर्षाला वीस किंवा जास्त व्हिजिट असल्या की 'व्हेरी हाय अटेंडर' म्हणायचे. पण एखाद्या भागात व्हिजिट कमी म्हणजे लोक ठणठणीत आहेत की डॉक्टर नाही की पैसे नाहीत? क्लेमवरून कळत नाही. पैशांमुळे जीपी टाळला किंवा लांबवला म्हणणारे २०२१-२२ मध्ये ३.५ टक्के होते, २०२२-२३ मध्ये ७ झाले. एका वर्षात दुप्पट. आणि हे मेडिकेअरमध्ये शोधून सापडणार नाही, जो गेलाच नाही त्याचा क्लेम कसला.

गणितातला_ढ

यार्रातीरी, हे फार महत्त्वाचं आहे. वापर मोजायला वर अंश आणि खाली छेद लागतो आणि सगळी मारामारी छेदाची असते. तुमच्याकडे कोणीही कुठल्याही क्लिनिकला जाऊ शकतं त्यामुळे अमुक क्लिनिकचे पेशंट किती हेच नक्की नसतं ना?

यार्रातीरी

हो, २०२३ च्या ऑक्टोबरपासून मायमेडिकेअर नावाची नोंदणी आली आहे पण ऐच्छिक. मी स्वतः दोन क्लिनिकला जाते, एक घराजवळ आणि एक ऑफिसजवळ. मला कोणाच्या छेदात घालणार?

गणितातला_ढ

इकडे उलटी गंमत. इंग्लंडात नोंदणी असते, पण सगळ्या सर्जऱ्यांच्या याद्या एकत्र केल्या तर सहा कोटींच्या वर नावं, साधारण ६.३ कोटी, आणि इंग्लंडची लोकसंख्या ५.७ कोटींच्या आसपास. घर बदललं, देश सोडला, कोणी वारलं, नाव राहिलं. त्यामुळे 'दर हजारी वापर' काढला की जिथे भाडेकरू आणि विद्यार्थी जास्त तिथे छेद फुगतो आणि वापर कमी दिसतो. सर्वेची पत्रंही त्याच पत्त्यांवर जातात. मग उत्तर येत नाही ते भूत असल्यामुळे की वैतागल्यामुळे?

अनामिका७

मी इतके दिवस नुसती वाचते, आज लिहिते. सासूबाई आमच्याकडे आहेत, पंच्याहत्तरच्या, इंग्लिश कामापुरतं. त्यांना ते सर्वेचं पत्र आलं. भाषांची यादी बघितली, गुजराती आहे, पंजाबी, बंगाली, उर्दू आहे, मराठी नाही. मग मी वाचून दाखवलं आणि त्यांनी उत्तरं दिली. "डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं का?" म्हणाल्या, हो हो छान आहेत ते, खूप छान लिही. मी म्हटलं आई, गेल्या महिन्यात तुम्हीच घरी येऊन रडलात की त्यांनी कॉम्प्युटरमधून मान वर केली नाही. तर म्हणतात, "अगं पण डॉक्टर आहेत ते, वाईट कशाला लिहायचं, उद्या परत त्यांच्याकडेच जायचंय." आणि मी लिहिलं 'खूप छान'. आता हा धागा वाचून वाटतंय की काय केलं मी.

काउंटरवाली

अनामिका, वाईट वाटून घेऊ नका, हे सगळेच करतात. नाव कळत नाही सर्जरीला हे मी स्वतः सांगते, तरी लोक घाबरतात.

निवृत्त_वैद्य

अनामिकाताई, तुमच्या सासूबाईंवर संशोधन झालं आहे, खरंच. या सर्वेत दक्षिण आशियाई पेशंट सातत्याने कमी मार्क देतात असं दिसायचं, आणि आमच्या व्यवसायात एक सोयीचा समज होता की यांच्या अपेक्षाच वेगळ्या, हे मार्क हात आखडून देतात. मग केंब्रिजच्या संशोधकांनी एक युक्ती केली. अभिनेत्यांना घेऊन डॉक्टर-पेशंट भेटीचे व्हिडिओ केले, काही चांगले काही वाईट, आणि तेच व्हिडिओ गोऱ्या ब्रिटिश आणि पाकिस्तानी मूळ असलेल्या लोकांना दाखवून मार्क द्यायला सांगितले, मिळून हजाराच्या वर लोक. तर तीच भेट बघून पाकिस्तानी मूळ असलेल्यांनी जास्त मार्क दिले, कमी नाही! म्हणजे हात सैल असूनही प्रत्यक्ष सर्वेत मार्क कमी पडतात, याचा अर्थ त्यांना वागणूकच कमी दर्जाची मिळत असणार. हा पेपर २०१६ चा. मी वाचला तेव्हा निवृत्तीला आलो होतो आणि एक दिवस नीट झोपलो नव्हतो, कारण तो सोयीचा समज मीही बाळगून होतो, आणि मी तर मराठी.

पानगळ

हे मला माहीत नव्हतं. शांत बसते दोन मिनिटं.

टेकडीवरचा

मीपण. आमच्या भागात आपले लोक बरेच आहेत. म्हणजे सर्जरीचा एक सरासरी आकडा बघून हे दिसणारच नाही?

गणितातला_ढ

शंभर उत्तरांत नाही दिसणार, त्यात आपले आठ-दहा असतील, त्यावरून काय काढणार. दहापेक्षा कमी असले की निकाल दाखवतच नाहीत, ओळख पटू नये म्हणून. देशपातळीवर मात्र दिसतं. म्हणून मी नेहमी म्हणतो की मोठ्या सर्वेकडून प्रश्न घ्यायचे आणि उत्तरं गल्लीत जाऊन शोधायची, तिथे आकडे नाहीत माणसं विचारायची. अनामिकांनी चार ओळींत जे सांगितलं ते टक्केवारीत येत नाही.

फुरसतवाला

धागा वाचतोय, भारी चाललंय. मला एक बाळबोध शंका, हे सगळं मोजून करायचं काय, ज्यांना गरज त्यांना मिळतं का एवढंच बघा ना.

निवृत्त_वैद्य

बाळबोध नाही, हाच प्रश्न आहे. ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे वेल्समधल्या ग्लिनकॉरोग या खाणकामगारांच्या गावात जीपी होते, त्यांनी १९७१ मध्ये लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की जिथे गरज जास्त तिथे चांगली सेवा कमी मिळते, त्याला 'इन्व्हर्स केअर लॉ' म्हणतात. म्हणून नुसता वापर कमी की जास्त हे बघून उपयोग नाही, गरजेच्या शेजारी ठेवून बघायला लागतं.

आणि त्याच्याही आधी, १९६१ मध्ये अमेरिकेत केर व्हाइट यांनी मांडलं होतं की हजार प्रौढ घेतले तर एका महिन्यात साडेसातशे जणांना काहीतरी दुखतं-खुपतं, त्यातले अडीचशे डॉक्टरकडे जातात, नऊ हॉस्पिटलात भरती होतात आणि एक विद्यापीठाच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचतो. आम्ही शिकायला होतो तेव्हा त्या एकावर शिकलो. बाकीचे पाचशे जे गेलेच नाहीत त्यातले किती बरे झाले आणि किती जणांनी जायला हवं होतं, हे मला तरी तीस वर्षांत माझ्या यादीबद्दल सांगता आलं नसतं.

गणितातला_ढ

त्या पाचशेंच्या जवळ जाणारा एक प्रश्न आपल्या सर्वेत होता, गेल्या वर्षभरात अपॉइंटमेंट घेणं टाळलं का. २०२२ मध्ये निम्म्याहून जास्त लोक हो म्हणाले. कारणांत 'घेणं फार कटकटीचं' हे ठळक होतं. मला विचाराल तर अख्ख्या सर्वेतला सगळ्यात कामाचा प्रश्न तो.

काउंटरवाली

आणि सातत्य विसरू नका, तोच डॉक्टर परत मिळणं. लोक फोनवर सगळ्यात जास्त तेच मागतात, लवकर नाही, 'माझे' डॉक्टर. नॉर्वेत अभ्यास झालाय ना कुठलातरी?

निवृत्त_वैद्य

हो, पंधरा वर्षांपेक्षा जास्त काळ एकाच जीपीकडे असलेल्यांमध्ये, एका वर्षाच्या नात्याशी तुलना केली तर, अवेळी (दवाखाना बंद असतानाच्या) सेवेचा वापर आणि हॉस्पिटल भरती आणि मृत्यू, तिन्ही पंचवीस ते तीस टक्क्यांनी कमी. तेच एक कारण आहे असं म्हणता येत नाही, पण आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तुमच्या सर्जरीत हे मोजायला सर्वे लागतच नाही, कॉम्प्युटरमध्ये आहे, एका पेशंटच्या वर्षभरातल्या भेटींपैकी एकाच डॉक्टरकडे किती.

टेकडीवरचा

बरं, मंगळवारसाठी मी असं लिहून घेतलंय, चुकलं तर सांगा. काकांचा ग्राफ बोर्डावर नाही, निदान २०२४ ला तोडल्याशिवाय नाही. सात पॉइंटबद्दल मॅनेजर बाईंना सांगणार की यावरून घसरण सिद्ध होत नाही पण सुटकेचा निश्वासही टाकू नका. फोन ठेवून देणाऱ्यांचा गेल्या तीन महिन्यांचा आकडा मागणार, वार आणि तासानुसार. तोच डॉक्टर किती जणांना मिळतो तो काढायला सांगणार. आणि आपले मराठी, गुजराती, पंजाबी जे आहेत त्यांच्यातल्या दहा-बारा जणांशी त्यांच्या भाषेत बोलायचं, कागद न घेता, मराठीवाले मी करतो.

निवृत्त_वैद्य

फोनचा आकडा मागताना लगेच टार्गेट ठरवू नका, एवढंच. नाहीतर फोन उचलून ठेवून देतील, 'उचलला' असं मोजलं जाईल.

काउंटरवाली

डॉक्टर 😄 असं आम्ही करत नाही. बहुतेक.

अनामिका७

टेकडीवरचा, तुमची सर्जरी आमचीच निघाली तर? साडेआठ हजार आणि आपले लोक बरेच म्हणालात म्हणून विचारते. असेल तर सासूबाईंशी बोला, पण माझ्यासमोर नको, माझ्यासमोर त्या छान छानच म्हणतील.

टेकडीवरचा

खासगी निरोप पाठवलाय बघा.

पानगळ

आणि लॅमिनेट केलेल्या ग्राफचं काय करणार?

टेकडीवरचा

काकांनाच विचारतो. ते म्हणतायत मागची बाजू कोरी आहे.